'बी' आला, पण विषय सोडला नाही

अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशावरच्या लेखात म्हटलंय की ज्यात हमखास 'ए' मिळेल तेच विषय मुलांनी घ्यावेत, कॉलेजं शेवटी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरीच बघतात. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, मुलीच्या अर्जांमधून नुकतेच बाहेर पडलोय, म्हणून राहवलं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए काढताना दहावी-अकरावीचे ग्रेड धरते. साध्या विषयातल्या 'ए'चे 4 गुण, एपीतल्या (म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयातल्या) 'ए'चे 5. एपीत 'बी' आला तरी 4, म्हणजे साध्या 'ए'इतकेच! मात्र हा जादा गुण जास्तीत जास्त 8 ग्रेडनाच मिळतो, एका विषयाचा एका सेमिस्टरचा ग्रेड म्हणजे एक. त्यापुढे कितीही एपी घेतले तरी या हिशेबात भर पडत नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं. एसएटी ही प्रवेशपरीक्षा तर तिथे प्रवेशासाठी बघतच नाहीत.

मुलीने एपी केमिस्ट्री घेतलं होतं. रात्री अकराला डायनिंग टेबलवर टायट्रेशनचे आकडे तिसऱ्यांदा मांडत बसलेली, शेजारी वरणभात गार. पहिल्या सेमिस्टरला 'बी' आला तेव्हा रडवेली होऊन म्हणाली, "आई, सोडू का गं?" नाही सोडलं. दुसऱ्यालाही 'बी'च आला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

आणखी एक, जे लेखात यायलाच हवं होतं. बऱ्याच खासगी कॉलेजांना शाळेचा कौन्सेलर शाळेची माहिती पाठवतो, त्यात तिथे किती एपी शिकवतात हेही असतं. शाळेत चारच एपी असतील तर त्या मुलाकडून कोणी दहाची अपेक्षा करत नाही.