शाळेच्या संगणकावर काय टाकायचं, हे शाळेनंच ठरवायला हवं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ टाकायचं तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. आता तुमच्या गावच्या हायस्कूलची संगणक लॅब डोळ्यांसमोर आणा. २०१७ च्या आधी घेतलेली मशीनं असतील तर त्यातलं बहुधा एकही या अटीत बसणार नाही.

म्हणून सध्या शाळाशाळांमधून एकच विषय चालू आहे: नवीन संगणक आणायचे कुठून? आमदार निधी मिळेल का, एखाद्या कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी बघायचा का, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेऊन आवाहन करायचं का. मी एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतो आणि संगणक लॅबही सांभाळतो. माझं म्हणणं असं की ती मशीनं चांगली आहेत, त्यांना भंगारात काढू नका. त्यांच्यावर लिनक्स टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली: कुणीही वापरावी, बदलावी, इतरांना द्यावी अशी. पैसे वाचतात हे खरंच, पण माझ्यासाठी ते कारण दुय्यम आहे. मला हवंय ते हे की वर्गात वापरायची वस्तू शिक्षकाला उघडता यावी, बदलता यावी, दुसऱ्या शाळेला देता यावी आणि कुणाला न विचारता पुढची दहा वर्षं वापरता यावी.

हे एवढं महत्त्वाचं का वाटतं, ते सांगतो. २०१५ नंतर आपल्याकडे ‘डिजिटल शाळा’ करण्याची मोठी लाट आली. गावांनी लोकवर्गणी काढली. शेतमजुरानं पन्नास रुपये दिले, यात्रेतली शिल्लक शाळेला मिळाली, कुणी मुलाच्या वाढदिवसाचे पैसे आणून दिले. हे सगळं मी जवळून पाहिलंय, आणि त्या लोकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. त्या पैशांतून प्रोजेक्टर आला, एक सीपीयू आला आणि पहिली ते दहावीचा अभ्यासक्रम असलेलं एक सॉफ्टवेअर आलं. आमच्या भागात आलेलं एका कंपनीचं सॉफ्टवेअर त्या एकाच मशीनला बांधलेलं होतं. हार्डडिस्क गेली की लायसन्स गेलं. लायसन्सची नवीन की (क्रमांक) मागायला फोन करावा तर नंबर बदललेला, माणूस बदललेला, शेवटी कंपनीच बदललेली. त्यात २०१८ ला दहावीची पुस्तकं बदलली आणि आतले धडे जुने झाले. शिक्षकाला त्यातला एक प्रश्न दुरुस्त करायची सोय नव्हती, एक चित्र बदलायची नव्हती. प्रोजेक्टर अजून चालतो, पण गावाच्या पैशानं घेतलेलं ते सॉफ्टवेअर बंद पडलंय.

यात दोष त्या गावाचा नाही, शिक्षकांचा तर नाहीच. घेताना ‘याची कॉपी करता येईल का, आत बदल करता येईल का, तुम्ही उद्या दुकान बंद केलंत तर काय’ हे प्रश्न विचारायचे असतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता तरी ते विचारूया.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोललं पाहिजे. आपल्या कितीतरी शाळांमधलं विंडोज विकत घेतलेलं नसतं. तालुक्याहून कॉम्प्युटरवाला येतो, पेनड्राइव्हवरून विंडोज मारतो, वर ऑफिस टाकतो आणि ‘ॲक्टिव्हेट करून दिलंय सर’ म्हणून जातो. त्या ॲक्टिव्हेशनसोबत काय काय आत आलं, कुणाला माहीत. मग मुलांचे पेनड्राइव्ह, घरचे संगणक, सायबर कॅफे असा व्हायरस फिरत राहतो. सकाळी परिपाठात आपण प्रामाणिकपणावर बोधकथा सांगतो आणि तिसऱ्या तासाला मुलांना त्या संगणकासमोर बसवतो. नववीतल्या मुलांना हे कळत नाही असं समजू नका. कायदेशीरपणे वापरता येईल, घरी नेता येईल आणि मित्राला देता येईल असं चांगलं सॉफ्टवेअर समोर असताना ही वेळ शाळेवर का यावी?

आता एक उदाहरण, म्हणजे ‘उघडता येणं’ याचा वर्गात काय उपयोग होतो ते दिसेल. स्टेलॅरियम नावाचं सॉफ्टवेअर आहे. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की त्या जागेवरून दिसणारं आकाश पडद्यावर येतं. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा आपल्याकडे घरोघरी ‘मृग लागला’ हे बोलणं चालू असतं. मुलांच्या डोक्यात मृग म्हणजे पाऊस, पेरणी, बियाणं. आकाशाशी त्याचा काही संबंध असतो हे बहुतेकांना माहीत नसतं. सूर्य त्या नक्षत्राच्या जवळ येतो, म्हणून आपण ‘मृग लागला’ म्हणतो आणि नेमकं म्हणूनच ते नक्षत्र त्या दिवसांत दिसत नाही, हे फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी उतरत नाही. स्टेलॅरियमवर तारीख ८ जून करायची, वेळ दुपारी बाराची. निळं आकाश, वर सूर्य. मग कीबोर्डवरचं ‘A’ हे बटण दाबायचं. वातावरण निघून जातं आणि भर दुपारी तारे दिसायला लागतात. सूर्य रोहिणीला मागे टाकून मृगाच्या डोक्याकडे सरकलेला दिसतो. मग एक-एक दिवस पुढे न्यायचं. पंधरा जूनपर्यंत तो बरोबर मृगशीर्षाच्या वर येतो. शेवटच्या बाकावरचा मुलगाही उठून पुढे येतो.

इथपर्यंत एखादं विकतचं सॉफ्टवेअरही करून दाखवेल. पुढचं नाही करणार. स्टेलॅरियममध्ये ताऱ्यांची आणि तारकासमूहांची नावं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. जगभरच्या वेगवेगळ्या समाजांच्या आकाशाचे असे संच त्यात आहेत, आणि आपण आपला नवा संच करू शकतो. आमच्या मुलांनी घरून नावं विचारून आणली. सप्तर्षींना कुणाची आजी म्हातारीची बाज म्हणते, मृगातल्या तीन ताऱ्यांना कुणाचे आजोबा तिकांडं म्हणतात. मुलांनी फाइल उघडली, नावं लिहिली, एक स्वल्पविराम चुकला म्हणून प्रोग्राम उघडेना, तो शोधून काढला, आणि पडद्यावर त्यांच्या आजीचं आकाश आलं. भूगोल, मराठी आणि संगणक एकाच तासात झालं. हे करायला कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

केरळनं हे सगळ्या राज्यात करून दाखवलंय, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. २००१ मध्ये तिथे आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला. काही वर्षांत त्यांनी शाळांमधलं संगणकशिक्षण पूर्णपणे लिनक्सवर आणलं. दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षासुद्धा त्यावरच होते. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची काइट ही सरकारी कंपनी झाली. २०१९ मध्ये त्यांनी दोन लाखांहून जास्त संगणकांसाठी उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली स्वतःची आवृत्ती काढली, तेव्हा ‘तीन हजार कोटी वाचले’ अशा बातम्या आल्या होत्या. तो आकडा मी फारसा वापरत नाही. बाजारभावानं सगळं विकत घेतलं असतं तर, असा तो हिशेब आहे, आणि तसं कुणीच घेत नाही. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की तिथले मास्टर ट्रेनर म्हणजे शाळेतलेच शिक्षक. पाठ्यपुस्तकाला काय लागतं ते ठरवून, तेवढं सॉफ्टवेअर निवडून, मल्याळममध्ये नीट चालेल असं करून ते शाळांना दिलं जातं. मुलं चित्रासाठी गिंप आणि इंकस्केप वापरतात, नकाशासाठी क्यूजीआयएस वापरतात. २०१८ पासून लिटल काइट्स नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब आहेत. प्रोजेक्टर लागत नाही, आवाज येत नाही, हे मुलंच बघतात.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत का? आहेत की! ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे नाव आपल्या राज्यात उगाच रूढ झालेलं नाही. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कामासाठी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी किती ब्लॉग चालवले, किती ऑनलाइन चाचण्या, किती ॲप्स बनवली! पण प्रत्येकाचं काम आपापल्या खात्यात. बदली झाली, पासवर्ड हरवला, लिंक मेली. मूळ फाइल कुणाकडेच नाही, आणि असली तरी ‘हे कुणीही घ्या, बदला, वापरा’ असं त्यावर लिहिलेलं नाही. नंदुरबारच्या बाईंनी केलेला खेळ गडचिरोलीच्या सरांना स्थानिक शब्द घालून वापरता आला असता. एवढी मेहनत दरवर्षी पुन्हा शून्यापासून होते, याचं मला वाईट वाटतं.

मराठी टंकलेखनाचंही तेच. प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते, ती दुसऱ्या शाळेत उघडली की अक्षरांच्या जागी ठिपके-रेघा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा टाइप करत बसलेले शिक्षक सगळ्यांनी पाहिलेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखंच दिसणाऱ्या पद्धतीत लिहिलं आणि मुक्त परवान्याचा फॉन्ट वापरला तर हा प्रश्नच उरत नाही. मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट असेच आहेत, छापायलाही सुंदर. लिनक्समध्ये मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, तो फक्त चालू करायचा.

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न: ‘पण सर, कंपनीत तर विंडोज आणि एक्सेलच लागतं ना?’ प्रश्न रास्त आहे, आईबापांना मुलाच्या नोकरीची काळजी असणारच. पण पाचवीतलं मूल नोकरीला लागायला दहा-बारा वर्षं आहेत. २००३ च्या ऑफिसचे मेनू पाठ केलेल्यांना २००७ मध्ये रिबन आल्यावर सगळं नव्यानं शोधावं लागलं होतं. मुलाला सूत्र कसं लिहायचं, तक्ता कसा वाचायचा, फाइल नीट कुठे ठेवायची हे आलं की लिब्रेऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर काय आणि एक्सेल काय, थोड्या दिवसांत हात बसतो. फक्त बटणांच्या जागा शिकवलेलं मूल मात्र बटण हललं की अडतं.

अडचणी आहेत, त्या लपवायचं कारण नाही. काही प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. डिजिटल स्वाक्षरीचं काम आणि ऑफिसच्या काही जुन्या गोष्टी विंडोजवरच सोप्या जातात, म्हणून ऑफिसातलं एक मशीन तसंच राहू द्यावं. शाळेची माहिती भरायच्या यू-डायससारखी पोर्टल्स ब्राउझरमध्ये चालतात, त्यांची भीती नको. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बिघडलं तर बघणारा माणूस. तो बाहेरून आणायचा नसतो, शाळेतच तयार करावा लागतो, आणि त्याला वर्षभर तरी लागतं. जो कुणी ‘एका दिवसात शाळा लिनक्सवर’ असं सांगेल, त्याचं ऐकू नका.

आणि सगळं एकदम बदलायची गरजही नाही. काही मुक्त सॉफ्टवेअर विंडोजवरचंच आहे: एनव्हीडीए हा अंध व्यक्तींसाठीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, विंडोजवरच चालतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणानं तो सुरू केला, कारण असे विकतचे प्रोग्राम फार महाग होते. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाजाचा प्रोग्राम मराठी वाचतो. आवाज यांत्रिक आहे, पण दृष्टिहीन मूल त्या आवाजावर मराठी धडा स्वतः ऐकू शकतं, कुणी वाचून दाखवायची वाट न बघता. तुमच्या शाळेत असं एक जरी मूल असेल तरी हे आज टाका, बाकीचं नंतर बघू.

‘मोफत’ दिसलं की झडप घालायची, असंही माझं म्हणणं नाही. जिओजेब्रा मीही भूमितीला रोज वापरतो, पण त्याच्या परवान्यात व्यापारी वापराला अटी आहेत, तो पूर्ण मुक्त नाही. एखादं ॲप पैसे घेत नसेल आणि मुलांचे नंबर, फोटो, ठिकाण घेत असेल तर ते मला नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय. शाळांनी हे गांभीर्यानं घ्यायला हवं.

मुख्याध्यापकांना ‘वरून परवानगी आहे का’ ही चिंता असते. केंद्राच्या २०१२ च्या शालेय आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं म्हटलंय आणि २०१५ मध्ये सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं वेगळं धोरणही आलं. अडवणारं काही नाही.

तर मे महिन्याची सुट्टी हातात आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, तिथे आणखी थोडा वेळ मिळेल. लॅबमधली दोन-तीन जुनी मशीनं निवडा. आधी त्यातल्या सगळ्या फाइल्स बाहेर काढून ठेवा. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या, ती २ जीबी रॅमवरही उठते, ४ जीबी असेल तर बरी चालते. आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा: वायफाय, आवाज, प्रोजेक्टर. जमतंय असं वाटलं तरच पुढे जा. लहान वर्गांसाठी जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळ) आणि टक्स पेंट (चित्रकला), मोठ्यांसाठी स्टेलॅरियम आणि लिब्रेऑफिस. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत, ते डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी चालतात. आठवी-नववीतली उत्साही मुलं पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, मुलीही तितक्याच.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी खाली शाळेचं गाव आणि मशीनचं मॉडेल लिहा. आपल्या तालुक्यातलं असेल तर मी पेनड्राइव्ह घेऊन येतो, लांबचं असेल तर फोनवर सोबत बसू. आणि ज्यांनी आधीच केलंय त्यांनी कुठला प्रिंटर नीट चालला ते नक्की सांगा, ती यादी सगळ्यांनाच हवी आहे.