बाटली दोघांनी मिळून भरायला हवी

जल प्रदूषण कायदा १९७४ चा. त्यातलं कलम २१ विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावं, असं मला फार मनापासून वाटतं. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते त्यात लिहिलंय. आधी कारखानदाराला किंवा त्याच्या माणसाला नोटीस द्यायची. त्याने मागणी केली तर त्याच्यादेखत नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्यांना सील लावायचं, दोघांनी सह्या करायच्या. तो हजरच राहिला नाही तर काय करायचं, तेही आहे. यातलं काही राहून गेलं तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही अचूक असू दे, कोर्टात तो पुरावा म्हणून चालत नाही. तसं कायद्यातच स्पष्ट म्हटलंय.

मी रसायनशास्त्र शिकवते. माझ्या एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात हे कलम कधी आलं नाही आणि आज मी ज्यांना शिकवते त्यांच्याही अभ्यासक्रमात नाही. मुलं टायट्रेशन सुरेख करतात. पण ज्या पाण्याचं करतात ते कुणाचं, कुणासमोर घेतलं, बाटली कुणाच्या ताब्यात होती, हे त्यांना कुणी विचारत नाही.

कायद्याच्या मुलांचं याच्या उलट. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पर्यावरण कायद्याचा पेपर त्यांना सक्तीचा आहे. कलमं पाठ असतात, खटल्यांची नावं पाठ असतात. पण बीओडी म्हणजे नेमकं काय मोजतात ते विचारलं की अडतात. (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचं ते माप.) एप्रिलच्या उन्हात घेतलेली बाटली बर्फात न ठेवता संध्याकाळपर्यंत गाडीच्या डिकीत राहिली, तर पाण्यातले जिवाणू त्यातली घाण खात राहतात आणि आकडा कमी येतो. उलटतपासणीत हा एक प्रश्न विचारला तर अहवालाचं वजन बदलू शकतं. पण तो सुचायला माणसाने ती बाटली कधीतरी हातात धरलेली असावी लागते.

मानकांचंही तसंच. कारखान्याने नदीनाल्यात पाणी सोडताना बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. नदीचं पाणी आंघोळीलायक म्हणायचं तर तो ३ च्या आत हवा. आता सांडपाणी २८ वर आहे आणि नदी सडलेली आहे. कायद्याचा विद्यार्थी म्हणतो, मानकात बसतंय, केस नाही. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणतो, नदी मेलीय, उघड दिसतंय. खरा प्रश्न दोघांच्या मधे आहे: उन्हाळ्यात नदीला पाणी किती उरतं, त्यात हे २८ विरळ होतं का, आणि होत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला देतं त्या संमतीपत्राच्या अटी कडक करून मागता येतात का? याचं उत्तर एकट्याला सापडणारं नाही.

हे मी नवं सांगत नाहीये. १९९९ मध्ये आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध नायुडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं की असे प्रश्न सोडवायला न्यायाधीशांच्या जोडीला विज्ञान जाणणारी माणसं हवीत. २००३ मध्ये विधी आयोगाने १८६ व्या अहवालात पर्यावरण न्यायालयांची शिफारस केली. २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला. तिथे न्यायिक सदस्य आणि तज्ज्ञ सदस्य एकाच पीठावर शेजारी बसतात. पश्चिम विभागाचं पीठ तर आपल्या पुण्यात आहे. म्हणजे न्यायदानाच्या वेळी दोघांनी एकत्र बसायचं हे देशाने मान्य केलंय. शिकताना मात्र ती दोघं एकाच गावात, शेजारच्या इमारतींमध्ये राहून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. तज्ज्ञ सदस्य व्हायला १५ वर्षांचा अनुभव लागतो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दुसऱ्याची भाषा कानावर पडावी, हे मला पटत नाही.

राजस्थानातलं बिछडी आठवा. उदयपूरजवळचं गाव. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-अ‍ॅसिड हे रंगउद्योगातलं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी विषारी गाळ उघड्यावर टाकला आणि गावातल्या विहिरी नासल्या. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व आपल्याकडे घट्ट रोवलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या याच निकालाने. पण त्या निकालाला आधार होता तो आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अहवालाचा. जमिनीत काय मुरलंय, ती साफ करायला किती खर्च येईल, हे शास्त्रज्ञांनी मोजून दिलं म्हणून तत्त्वाला रुपयांत आकडा मिळाला. आणि तरी पुढे काय झालं? कारखान्यांनी अर्जावर अर्ज करून इतका वेळ काढला की २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटींहून जास्त रक्कम आणि त्यावर व्याज भरण्याचा आदेश पुन्हा बजवावा लागला. मोजणं संपलं तरी लढाई संपत नाही, हे विज्ञानाच्या मुलांना कोण सांगणार?

आता घराजवळचं, कोकणातल्या सड्यांचं, म्हणजे सपाट कातळपठारांचं. जांभ्याचा सडा मे महिन्यात बघितलात तर काळा, भाजलेला कातळ. कुणीही पडीक म्हणेल. पाऊस पडला की त्याच कातळावर दीपकाडी येते, मग सीतेची आसवं, गेंद, आणि यातल्या कित्येक वनस्पती जगात दुसरीकडे कुठे नाहीत. दिवाळीपर्यंत सगळं पुन्हा सुकून जातं. आणि बऱ्याच प्रकल्पांच्या पर्यावरण आघात अहवालासाठी माहिती गोळा करायची असते ती एका ऋतूची, पावसाळा सोडून! कायद्याच्या मुलीला ही अट वाचून काहीच खटकत नाही, कारण ती ऑगस्टमध्ये सड्यावर गेलेली नसते. वनस्पतिशास्त्राच्या मुलाला ती वाचताक्षणी खटकेल, पण ती लिहिलीय कुठे हे त्याला माहीत नसतं. त्या दोघांच्या मधून अख्खा सडा निसटतो.

गोव्यातलं मोपाचं पठार असंच जांभ्याचं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली, कारण आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात नीट दिलेली नव्हती. पुढच्या वर्षी स्थगिती उठली आणि आज तिथे विमानं उतरतात. तरी त्या निकालाने एक गोष्ट ठणकावली: अर्जातला रकाना रिकामा ठेवणं ही किरकोळ चूक नाही. पण रकाना रिकामा आहे हे ओळखायला तिथे काय आहे ते माहीत असावं लागतं.

वेळेचं गणितही दोघांचं वेगळं. माझे विद्यार्थी म्हणतात, दोन पावसाळ्यांचा डेटा हवा. त्यांचं बरोबर आहे. पण मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील करायला मिळतात ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. एवढ्यात दोन पावसाळे कुठून आणणार? म्हणून सड्यांच्या, ओढ्यांच्या नोंदी वाद उभा राहण्याआधी, वर्षानुवर्षं ठेवलेल्या असाव्या लागतात. आणि वर्षानुवर्षं नवी मुलं कुठे येतात? कॉलेजात.

लॉ कॉलेजातल्या एका मैत्रिणीबरोबर मी दोन्हीकडच्या मुलांना एका ओढ्यावर नेते. तिकडच्या एका मुलाने पाणी बघून पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, हे कुठल्या गट नंबरातून येतंय?” आम्ही इतकी वर्षं त्याच ओढ्याचा पीएच मोजतोय, सातबारा काढून बघायचं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि माझ्या एका विद्यार्थिनीने त्यांना बजावलं, “एका रीडिंगवर काही बोलू नका, तीन घ्या.”

काही सहकारी म्हणतात, अशाने मुलं आंदोलनात जातील. काहीजण गेली तर बिघडलं काय? पण बहुतेक मुलं जाणार नाहीत. ती कंपनीच्या पर्यावरण विभागात जातील, प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकारी होतील, सल्लागार संस्थेत आघात अहवाल लिहितील. कलम २१ ची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे.

पदवीला पर्यावरण अभ्यास सक्तीचा आहेच. त्याचा प्रकल्प म्हणजे बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेली पानं, हे आपण सगळे जाणतो. त्याचेच श्रेयांक (क्रेडिट) वापरा. नव्या शैक्षणिक धोरणात एका संस्थेतले श्रेयांक दुसरीकडे धरता येतात. मग लॉ आणि सायन्सच्या मुलांची जोडी करा, एका जोडीला एक ओढा किंवा एक सडा द्या आणि दोघांच्या सहीची एकच फाइल मागा.

या जूनपासून कुणाला सुरू करायचं असेल तर पहिली फेरी सड्यावर काढा, ऑगस्टमध्ये. केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर प्रकल्पांचे अहवाल असतात, त्यातला आपल्या भागातला एक छापून सोबत न्या. वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी समोर उगवलेलं ओळखायचं, लॉच्या मुलांनी ते अहवालातल्या यादीशी पडताळायचं. यादीत जे नाही ते तारीख, जागा आणि फोटोसह तिथल्या तिथे लिहून काढायचं.