रडलं म्हणजे वाचलं? मूल पडल्यावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मूल पडलं की घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या फोनवर एक मेसेज येतोच. त्यातले सल्ले थोडक्यात असे: मूल लगेच रडलं तर काळजी नको, टेंगूळ आलं तर मार बाहेर निघाला, पलंगावरून पडलेल्या मुलाला काही होत नाही, चोवीस तास झोपू देऊ नका, एक जरी उलटी झाली तरी डोक्यात रक्तस्राव समजा, आणि शंका नको म्हणून सीटी स्कॅन करूनच घ्या. पहिले तीन सल्ले नको तिथे धीर देतात, पुढचे तीन नको तिथे घाबरवतात. खोटा धीर जास्त घातक, म्हणून आधी तोच पाहू.

‘लगेच रडलं, म्हणजे काही झालं नाही’

रडण्यावरून एवढंच कळतं, की आपटलं त्या क्षणी मूल शुद्धीवर होतं. ही माहिती मोलाची आहे, डॉक्टरही ती आधी विचारतात. पण पुढच्या काही तासांबद्दल तिच्यातून काहीच कळत नाही. कवटीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी फाटली, तर रक्त हाड आणि मेंदूच्या आवरणामध्ये हळूहळू साठत जातं. तोवर मूल रडून शांत होतं, खेळतं, खातंसुद्धा. दाब वाढला की मग डोकं दुखायला लागतं, उलट्या सुरू होतात, मूल मलूल होतं. मधला हा बरा वाटणारा काळ काही मिनिटांचा असतो, कधी काही तासांचा.

म्हणून मूल रडलं का, यापेक्षा रडणं थांबल्यावर ते कसं आहे ते बघा. कुशीत घेतल्यावर शांत झालं, आवाज दिला तिकडे वळलं, आवडतं खेळणं दोन्ही हातांनी धरलं, नेहमीसारखं रांगलं किंवा चाललं, तर चांगलं लक्षण. जवळ घेऊनही तासभर किरकिर थांबत नसेल, नजर स्थिरावत नसेल, तोल जात असेल किंवा ‘हे आमचं नेहमीचं बाळ नाही’ असं वाटत असेल, तर दवाखाना गाठा. आईवडिलांचं हे वाटणं डॉक्टरांच्या नियमांतही लक्षण म्हणून मोजलं जातं. ते सांगायला संकोचू नका.

‘टेंगूळ आलं, मार बाहेर निघाला’

सगळ्या मेसेजमधला हा सर्वांत चुकीचा भाग. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साठलेलं रक्त. आत काय झालं आहे याचा त्याच्याशी उलटा संबंध मुळीच नाही. आत आणि बाहेर दोन्हीकडे इजा होऊ शकते.

टेंगूळ कुठे आहे, याला मात्र फार महत्त्व आहे. कपाळावरचं टणक टेंगूळ चालायला शिकणाऱ्या मुलांत नेहमीचं. कपाळाचं हाड जाड असतं. कानाच्या वरचा भाग वेगळा. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक मोठी रोहिणी (रक्तवाहिनी) जाते. दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोक्याला बाजूला, वर किंवा मागे सूज आली, विशेषतः ती पाणी भरलेल्या पिशवीसारखी लिबलिबीत लागली, तर खाली हाडाला चीर असण्याची शक्यता बरीच वाढते. अशी सूज कधी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना हाताला लागते. म्हणून पडल्यावर आणि पुन्हा संध्याकाळी, बोटांच्या टोकांनी न दाबता सगळं डोकं चाचपून बघा. बाळाची टाळू भरली नसेल आणि ते शांत, बसतं असताना ती फुगलेली लागली, तर तडक निघा.

टेंगूळ चोळू नका, चोळल्यानं रक्त आणखी पसरतं. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा, मधे थांबून पुन्हा धरा.

‘पलंगावरून तर पडलं’

बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. पण उंची मोजायला हवी. दोन वर्षांखालच्या मुलासाठी साधारण तीन फुटांपेक्षा जास्त आणि त्यापुढच्या मुलासाठी पाच फुटांपेक्षा जास्त उंची डॉक्टर धोक्याची मानतात. पलंग यात सहसा बसत नाही. उभ्या माणसाच्या कडेवरून किंवा खांद्यावरून निसटलेलं बाळ मात्र बसतं, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही. जिन्यावरून गडगडणं, वॉकरसकट पडणं, अंगावर जड वस्तू कोसळणं यांनाही पलंगाचं माप लावू नका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ कितीही कमी उंचीवरून डोक्यावर पडलं, तरी त्याच दिवशी दाखवा. इतक्या लहान बाळात इजा असूनही लक्षणं दिसतीलच असं नाही. रक्त न गोठण्याचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर कोणत्याही वयात दाखवा.

‘चोवीस तास झोपू देऊ नका’

झोपेनं मेंदूची इजा वाढत नाही. भीती वेगळी आहे: बेशुद्ध होत चाललेलं मूल झोपलंय असं वाटण्याची. पण जबरदस्तीनं जागं ठेवलेलं मूल चिडचिडं, पेंगुळलेलं, अडखळणारं होतं, आणि आपण शोधत असलेली लक्षणंही हीच. म्हणजे जागरणानं उलट गोंधळच होतो.

पडल्यानंतर पहिला तास-दोन तास शक्यतो जागं ठेवून नीट निरखा. सगळं ठीक असेल आणि झोपेची वेळ झाली असेल, तर झोपू द्या. रात्री दोन-तीनदा जवळ जाऊन बघा: श्वास संथ आणि सारखा आहे का, रंग नेहमीचा आहे का, कूस वळवल्यावर मूल कुरकुरून पांघरूण ओढतं का, हात झटकतं का. एवढी हालचाल पुरे, पूर्ण उठवून बसवायची गरज नाही. काहीच प्रतिसाद नसेल, तर उठवायचा पूर्ण प्रयत्न करा, आणि उठलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा. दिवसाच्या अवेळी, झोपेची वेळ नसताना मूल पेंगायला लागलं, तर ती साधी झोप समजू नका.

‘एक उलटी म्हणजे रक्तस्राव’

घाबरून, जोरात रडून किंवा पोट भरलेलं असल्यानं मुलं एकदा-दोनदा ओकतात. बाकी मूल ठीक असेल, तर नुसत्या उलटीमागे मोठी इजा क्वचितच निघते. घोट-घोट पाणी द्या, जेवण किंवा पूर्ण दूध तासभरानं. तीन किंवा जास्त वेळा उलटी, काही तासांनी नव्यानं सुरू झालेली उलटी, किंवा उलटीबरोबर वाढती डोकेदुखी अथवा सुस्ती असेल, तर थांबू नका.

‘सीटी करूनच घ्या’

२००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास आला. डोक्याला मार लागून रुग्णालयात आलेली, पण शुद्धीवर असलेली ही मुलं होती. उपचारांच्या दृष्टीनं महत्त्वाची मेंदूची इजा त्यातल्या ०.९ टक्के मुलांत निघाली. म्हणजे सरसकट सीटी केलं, तर शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना क्ष-किरणांचा डोस फुकट मिळेल. एका सीटीनं पुढे कर्करोग होण्याचा धोका कमी असतो, पण शून्य नसतो; शिवाय लहान बाळाला स्थिर ठेवायला कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं. म्हणून ज्यांचा धोका फार कमी नाही आणि फार जास्तही नाही अशा मुलांना डॉक्टर बऱ्याचदा पडल्यापासून चार ते सहा तास नजरेखाली ठेवतात. ही टाळाटाळ नव्हे, हाच उपचार. पण डॉक्टर स्वतः सीटी सांगत असतील, तर किरणांच्या धास्तीनं नाकारू नका.

मेसेजमध्ये नसलेल्या काही गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. काही सेकंद जरी शुद्ध हरपली, आकडी (फिट) आली, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालं, तर घरी थांबायचं नाही. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर वाटत असतील, तर मुलाला उचलू नका. आहे तिथेच डोकं-मान स्थिर धरून मदत बोलवा. सायकलचं हँडल पोटात घुसलं असेल, तर वर फक्त गोल वळ दिसतो, आणि पोटदुखी व उलट्या दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. पाय न टेकणारं, एक हात न हलवणारं मूल हट्ट करत नसतं. हाडाला चीर असू शकते. तो हातपाय ओढू नका, चोळू नका.

दुखण्यावर पॅरासिटामॉल वजनाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. सिरपची ताकद बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून लेबल वाचून मिलिलिटर काढा. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अ‍ॅस्पिरिन नको, आणि गुंगी आणणारं सर्दीचं औषध तर त्या दिवशी मुळीच नको.

दवाखान्यात निघताना कागदावर लिहून घ्या: किती वाजता पडलं, किती उंचीवरून, कशावर, डोक्याचा कोणता भाग आपटला, उलट्या किती आणि कधी. काही विचित्र हालचाल दिसली, तर शेजारी कुणी असल्यास त्यांना तिचा व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांसमोर ती हालचाल बहुतेक वेळा पुन्हा होत नाही.