तीस सेकंदांत म्हातारपण बसत नाही

आज दुपारी भाच्यानं फॅमिली ग्रुपवर एक रील टाकली. ‘गॉडफादर’ सिनेमातला डॉन झालेला मार्लन ब्रँडो बसलाय, एक जण वाकून त्याच्या हाताला ओठ लावतोय, मागं डीजेचा धिंगाणा, अन् वर अक्षरं : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी, गल्लीत फक्त आपला भाऊ’. मग आमच्याच गल्लीतल्या एका पोराचा गॉगल लावलेला फोटो. वाढदिवस आहे म्हणे. खाली आगीच्या इमोजींचा पाऊस, त्यात आमच्या घरातलीही नावं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रील परत पाहिली, अजून पाहिली, आणि डोकंच सणकलं. त्या पोराचा राग नाही, लेकरू आहे ते. राग याचा, की ज्यानं ही क्लिप कापली त्याला कुठं थांबायचं ते बरोब्बर माहीत होतं. हाताला ओठ लागले, बास. पुढचं नको. पुढं हा माणूस रस्त्यावर फळं घेताना गोळ्या खातो, अंथरुणाला खिळतो, थोरल्या लेकाचं चाळण झालेलं प्रेत बघतो. पुढं टोमॅटोच्या वाफ्यात नातवाची गंमत करायला संत्र्याची साल दातांवर बसवतो अन् तिथंच कोसळतो. नातवाला वाटतं आजोबा अजून खेळतायत. आणि त्या सगळ्या खानदानात त्यातल्या त्यात बरं मरण हेच!

त्याच्यामागं त्या गादीवर जो बसला, त्या धाकट्या लेकाचं, मायकलचं, पुढं काय झालं, ते या रीलवाल्यांनी पाहिलंय का कधी? तिसरा भाग, १९९०चा. लोक म्हणतात तो फसलाय. पहिल्या दोनांइतका नाही, मान्य. पण मी औषधांचं दुकान चालवतो आणि मला तो भाग सोडवत नाही, कारण त्यात मायकल कॉर्लिओनेला शुगर आहे. ज्याच्या एका शब्दावर माणसं नाहीशी व्हायची, तो एका कार्डिनलसमोर, म्हणजे बड्या ख्रिस्ती धर्मगुरूसमोर, बोलता बोलता ढेपाळतो. शुगर डाऊन. काहीतरी गोड आणा म्हणायची वेळ येते. संत्र्याचा रस येतो, गोड गोळ्या येतात, तो त्या घाईघाईनं तोंडात टाकतो. आणि मग तिथंच कबूल करतो, की मी माझ्या आईच्या पोराला मारलं. सख्ख्या भावाला. अन् हमसून हमसून रडतो. असं तोंड कोरडं पडलेली, हात थरथरणारी माणसं मी रोज काउंटरच्या पलीकडं बघतो, म्हणून असेल, पण मला त्या वेळी तो डॉन दिसतच नाही. पेशंट दिसतो.

दिग्दर्शक कोपोलानं २०२०मध्ये हाच भाग नव्यानं कापून आणला. नावातच मायकलचा मृत्यू आहे, आणि त्यात मायकल मरत नाही! जुन्या भागात शेवटी तो खुर्चीतून खाली पडतो, सुटतो. नव्या भागात तेवढीही सुटका नाही. पोटच्या पोरीला डोळ्यांदेखत गोळी लागली, ती गेली, आणि हा म्हातारा उन्हात एकटा बसून राहिलाय. पडद्यावर अक्षरं येतात, दीर्घायुष्य चिंतणाऱ्या सिसिलीतल्या शुभेच्छेची. यापेक्षा मोठी सजा मी कुठल्याच गँगस्टर सिनेमात पाहिलेली नाही.

आपल्याकडं मात्र दादाला भर तारुण्यात मारून टाकतात. ‘सत्या’तला भिकू म्हात्रे (१९९८), ‘वास्तव’मधला रघू (१९९९). आम्ही टॉकीजात शिट्ट्या मारल्या, डोळेही पुसले. सिनेमे थोरच आहेत, त्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. पण दोघांच्याही डोक्याचा एक केस पांढरा होत नाही. एकाला बोलता बोलता गोळी, दुसऱ्याला आईच्या हातून मुक्ती. लेखक-दिग्दर्शकांनी त्यांच्यावर उपकारच केले म्हणायचे. ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) तर आपल्या मातीतला सिनेमा, जमीन गेली की पोरं कुठं जातात ते त्यानं तोंडावर सांगितलं. त्यातल्या राहुल्याच्या रीली रोज फिरतात. जमीन विकून बसलेला त्याचा बाप, मोहन जोशींनी जीव ओतलाय त्यात, त्या बापाची रील केलीय का कुणी?

तमिळ ‘नायकन’चं (१९८७) नाव तुम्ही घ्याल. घ्या. कमल हासन तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि त्यानं ते म्हातारपण असं पेललंय की बघत राहावं. लेक घर सोडून जाते. नातू विचारतो, तुम्ही चांगले का वाईट? आणि म्हातारा म्हणतो, माहीत नाही. आपल्याकडच्या गँगस्टर सिनेमातलं सगळ्यात खरं उत्तर आहे ते. पण लगेच गोळी आलीच. त्या उत्तरासोबत त्याला जगू दिलं नाही.

हे सगळं मी का लिहितोय, तर आमच्या दुकानावर एक जण यायचा. मोंढ्यातले, म्हणजे आमच्या धान्यबाजारातले, जुने लोक ओळखतील. मी नाव लिहीत नाही, कमेंटमध्येही कुणी लिहू नका. आपण त्याला अण्णा म्हणू. एके काळी मोंढ्यात ट्रक उतरणार का नाही हे तो ठरवायचा. त्याच्या बुलेटचा आवाज कोपऱ्यावर आला की माझे वडील गल्ल्यावरून उठून उभे राहायचे. वडील कुणाला भ्यायचे नाहीत, पण उभे राहायचे. मी शाळेच्या दप्तरासकट ते बघायचो.

मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा तोच अण्णा काठी टेकत यायला लागला. इन्सुलिनची तीस-सत्तर मिश्रणाची बाटली अन् चाळीस युनिटच्या सिरिंज. हातात तेच चांदीचं कडं, पण मनगट इतकं वाळलेलं की कडं कोपराकडं घसरायचं, म्हणून त्याखाली रुमाल गुंडाळलेला. सिरिंजवरचे आकडे दिसायचे नाहीत. मी डॉक्टरांची चिठ्ठी बघून प्रत्येक सिरिंजवर पेनानं खूण करून द्यायचो, इथपर्यंत भरा. तो बोटानं ती खूण चाचपायचा, जणू बोटाला दिसणार आहे.

आणि मग हळूच म्हणायचा, “तुझ्या फोनवरून एक नंबर लाव की.”

लेकीचा नंबर. ती पुण्याला. त्याच्या फोनवरून लावला तर ती उचलायची नाही. माझ्यावरून एकदा लागला. तिकडून, “हॅलो, कोण बोलतंय?” अण्णा म्हणाला, “मी बोलायलोय, बाळ.” फोन कट. त्यानं तो तसाच कानाला धरून ठेवला. मग मला म्हणाला, “रेंज गेली काय रे?”

मी म्हणालो, “हो अण्णा. दुपारचं असंच व्हायलंय.”

आता ‘द आयरिशमन’ (२०१९) बघा. दिग्दर्शक स्कॉर्सेसीचा, नेटफ्लिक्सवर आहे, २०९ मिनिटं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो अर्ध्यात सोडलाय, मला ठाऊक आहे. हळू आहे म्हणे. हळूच आहे! म्हातारपण काय पळत येतं? त्यात एकेक गुंड पडद्यावर आला की सोबत अक्षरं येतात, हा अमुक साली कसा मेला. एक जण ओसरीखाली ठेवलेल्या खिळ्यांच्या बॉम्बनं. हसतखेळत हस्तांदोलन चाललंय अन् बाजूला त्याचं मरण लिहिलेलं. इतका रोखठोक सिनेमा आहे तो.

आणि शेवटचा अर्धा तास. ज्याच्यासमोर सगळे दबून असायचे तो बडा डॉन (नट ज्यो पेशी) तुरुंगात दात गेले म्हणून पाव द्राक्षाच्या रसात बुडवून चघळतो. डी नीरोनं केलेला फ्रँक, या टोळीसाठी माणसं मारणारा, एकटाच जाऊन स्वतःची शवपेटी पसंत करतो. पुरलं की संपलंच, म्हणून भिंतीतला कोनाडा घेतो, तिथं म्हणे तेवढं संपल्यासारखं वाटत नाही. पोलिसांना, पाद्र्याला काही सांगत नाही. ज्या मित्राला, त्या जिमी हॉफाला (अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या युनियनचा पुढारी, १९७५ साली खराच गायब झालेला माणूस, प्रेत आजतागायत सापडलेलं नाही), त्यानं स्वतः गोळी घातली, त्याचा फोटो नर्सला दाखवतो तर तिला तो कोण हेच माहीत नाही. ज्याच्यासाठी आयुष्यभराचा नरक ओढवून घेतला, त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही!

त्याची पोरगी पेगी बँकेत काउंटरवर आहे. हा काठ्या टेकत रांगेत उभा राहतो. नंबर येतो, ती वर बघते, काउंटर बंद करते, निघून जाते. एक शब्द नाही.

मी तो सीन बघितला तेव्हा सिनेमा तिथंच थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. काउंटर माझाही आहे ना.

दुसरी लेक त्याला सांगते, की आम्ही तुमच्याकडं कुठलीच तक्रार घेऊन येऊ शकत नव्हतो, तुम्ही समोरच्याचं काय कराल याची भीती वाटायची. आणि हा म्हणतो, मी तुमचं रक्षणच करत होतो. अण्णा हुबेहूब असंच बोलायचा. “घरात कधी आवाज चढवला न्हाई म्या. पोरींना फुलासारखं ठेवलं.” खरंही असेल. पण घराबाहेर काय चालायचं ते शाळेत त्या पोरींना कुणीतरी सांगतच असेल ना? त्यांच्या शेजारच्या बाकावर मार खाल्लेल्या कुण्या बापाचं लेकरू बसत असेलच.

हो, त्या सिनेमात कॉम्प्युटरनं तरुण केलेला डी नीरो मारामारी करताना सत्तरीतलाच दिसतो, लाथा बसत नाहीत, हे मला दिसलंय. मला तर उलट तेच पटलं. १९७२मध्ये ४७ वर्षांच्या ब्रँडोला मेकअप लावून म्हातारा केला होता, इथं म्हाताऱ्यांना तरुण केलंय, आणि तरुण चेहऱ्याखाली म्हातारं अंग लपत नाही. फ्रँक ही गोष्ट म्हातारपणी आठवतोय, मग आठवणीतलं अंग दुसरं कुठलं असणार?

अन् हो, सगळेच दादा असे एकटे मरत नाहीत. काहींच्या दारात शेवटपर्यंत गाड्या उभ्या असतात, अंत्ययात्रेला सगळे पक्ष असतात. असतात. मी नाही म्हणत नाही.

इथवर लिहिलं आणि वाचून पाहिलं. अण्णाबद्दल वाचताना डोळे भरले माझेच. आणि तेवढ्यात दुसरा माणूस आठवला आणि परत डोकं तापलं.

मोंढ्यातला एक हमाल आहे. आता वय झालं. अण्णाच्या माणसांना वाटा द्यायला नाही म्हणाला होता, तेव्हा त्याचा गुडघा फोडला. नीट जुळला नाही कधीच. पोती उचलणं बंद झालं, मग झाडलोट, मग राखणदारी, आणि घरातली पोरं शाळेतून काढून कामाला. तो आमच्याकडं दुखायच्या गोळ्या न्यायला येतो. अख्खी पट्टी घ्यायला जमत नाही, चार गोळ्या कापून देतो.

एकदा दोघं एकाच वेळी काउंटरवर आले. मी खूण करत बसलो होतो, माझा हात थांबला. अण्णा त्याला म्हणाला, “सरक रे बाबा जरा.” ओळखलंच नाही! ज्याचा गुडघा फोडला त्याला ओळखलं नाही. आणि हमाल सरकला. दुखऱ्या पायावर भार देऊन, भिंतीला धरून सरकला. अण्णा गेल्यावर मला म्हणाला, “ह्याच्या लेकीनं फोन नाही उचलला तर तू कळवळायलास. माझी लेक सातवीतून काढली, तिचं कुणाला?”

मला काही बोलता आलं नाही. त्याच्या गोळ्यांचे पैसे घेतले नाहीत, तर त्यानं काउंटरवर ठेवले अन् गेला.

म्हणून आता सांगतो, ‘आयरिशमन’चंही एक मला पचत नाही. त्यात एक किराणा दुकानदार आहे. त्यानं पेगीला ढकललं म्हणून फ्रँक त्याला रस्त्यावर ओढतो आणि त्याच्या हातावर बूट आपटून हात चेचतो. पोरगी बघत असते. सिनेमा त्या पोरीसोबत पुढं जातो, साडेतीन तास जातो, पण त्या दुकानदाराकडं कधीच परत येत नाही. त्या हातानं त्यानं पुढं साखर कशी तोलली? त्याला गल्ल्यातली चिल्लर मोजता आली का? पश्चात्ताप मारणाऱ्याचा, म्हातारपण मारणाऱ्याचं, एकटेपण मारणाऱ्याचं. ज्याला मारलं तो काय तरुणच राहिला? एवढा मोठा दिग्दर्शक, एवढी करुणा, आणि तीही शेवटी बंदूकवाल्याच्याच वाट्याला. तरी तो सिनेमा मला जवळचा आहे, कारण निदान त्यानं दादाला खुर्चीतून उठवून व्हीलचेअरवर बसवलं. आपल्याकडं तेवढंही होत नाही.

अण्णा गेला त्या दिवशी मोंढा चालू होता. लिलाव झाले, ट्रक उतरले. कुणी शटर ओढलं नाही.

इकडं परभणीत, नांदेडला, संभाजीनगरला किती पोरं शॉर्टफिल्म काढतात मी बघतो. चांगली पोरं आहेत, मोबाइलवर शूट करून काय काय दाखवतात. पण दहातल्या सात जणांना भाईच पाहिजे, जीपमधून उतरणारा, स्लो मोशनमध्ये. त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यानं दुकानावर यावं. हमाल दर सोमवारी येतो, ऊन उतरल्यावर. बोलायला त्याची ना नाही, मी विचारून ठेवलंय. बसायला स्टूल मी ठेवतो, उभ्यानं त्याला फार वेळ जमत नाही.