पन्नास लाख रोख, शंभर रुपयांत घर आणि युरोपातली ओस गावं

गेली काही वर्षं एक मजकूर कधी फॉरवर्ड म्हणून, कधी रील म्हणून फिरतो आहे. गोषवारा असा: युरोपातली डोंगरी गावं ओस पडली आहेत. तिथे राहायला जाणाऱ्या कुटुंबाला स्वित्झर्लंड पन्नास लाख रुपये देतं, इटलीत शंभर रुपयांत घर मिळतं, आयर्लंड पाऊण कोटी देतं. घर घेतलं की राहण्याचा परवाना आपोआप. गावात पर्यटक येतातच, तेव्हा दोन खोल्या भाड्याने दिल्या की पोटापाण्याची चिंता मिटली. खाली तळटीप: ‘आपल्या मराठी तरुणांपर्यंत पोचवा.’

यातलं एकही गाव काल्पनिक नाही. आकडेही बरेचसे बरोबर आहेत, म्हणून तर शिकलेली माणसंही फसतात. गाळल्या आहेत त्या अटी. त्या एकेक करून पाहू.

स्वित्झर्लंडपासून सुरुवात करू. गावाचं नाव आल्बिनेन, वाले प्रांतात, साधारण १,३०० मीटर उंचीवर, वस्ती जेमतेम अडीचशेच्या आसपास. शाळा बंद पडलेली. तरुण कुटुंबं यावीत म्हणून नोव्हेंबर २०१७मध्ये गावसभेने मतदान करून ठराव केला: प्रौढाला २५ हजार फ्रँक, मुलामागे १० हजार. चौघांच्या घराला ७० हजार फ्रँक, म्हणजे तेव्हाच्या दराने पंचेचाळीस लाख रुपये. मजकुरातले ‘पन्नास लाख’ इथून आले. आता अटी. अर्जदार ४५ वर्षांच्या आतला हवा. त्याने गावात किमान २ लाख फ्रँकचं घर घ्यायचं किंवा बांधायचं, म्हणजे आधी स्वतःचे सव्वा कोटीहून जास्त रुपये घालायचे. ते त्याचं कायमचं राहतं घर असलं पाहिजे, सुट्टीतलं नव्हे. दहा वर्षांच्या आत गाव सोडलं तर पैसे परत. आणि अर्जदार स्विस नागरिक किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असलेला हवा. भारतीयाला तो परवाना साधारणपणे दहा वर्षं तिथे राहिल्यावर मिळतो. जगभरातून चौकश्यांचा पाऊस पडला तेव्हा त्या एवढ्याशा ग्रामपालिकेला जाहीर खुलासा करावा लागला. मजकूर मात्र अजून फिरतोच आहे.

इटलीतली एक युरोची घरं जास्त गुंतागुंतीची आहेत. सिसिलीतलं साम्बुका गाव २०१९मध्ये जगभर गाजलं. तिथली घरं १९६८च्या बेलिचे भूकंपानंतर लोकांनी सोडलेली, पुढे पालिकेच्या ताब्यात आलेली. म्हणून पालिकेला ती थेट लिलावात काढता आली. एक युरो ही बोलीची सुरुवात होती. काही घरांची बोली हजारोंत गेली, २५ हजार युरोपर्यंत. वर पाच हजार युरो हमी म्हणून भरायचे आणि तीन वर्षांत घर दुरुस्त करायचं, नाहीतर हमी बुडाली. नोटरी, कर आणि छतापासून सांडपाण्यापर्यंतचा खर्च वेगळा. घराची किंमत एक युरो ठेवली आहे ती याचसाठी: तुम्ही घर घेत नसता, दुरुस्तीची जबाबदारी घेत असता. गावातल्या गवंड्याला काम मिळावं आणि पडकं घर शेजाऱ्याच्या अंगावर कोसळू नये, हा पालिकेचा सरळ हिशेब.

इतर बऱ्याच गावांत तर पालिका फक्त मध्यस्थ असते. घर खासगी मालकाचं, मालक वारलेला, वारस मिलान, तुरीन, अर्जेंटिना असे विखुरलेले. सातबाऱ्यावर सतरा नावं असलेली जमीन विकायला निघालेल्या माणसाला यापुढचं समजावून सांगायला नको. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत छताची आणखी दोन तुळयांनी साथ सोडलेली असते.

‘घर घेतलं की परवाना आपोआप’ हे वाक्य निखालस खोटं आहे. इटलीत घराची मालकी आणि राहण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यटक व्हिसावर शेंगेन देशांत (म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, मग स्वतःच्या घराची किल्ली खिशात असली तरी. स्वतःच्या उत्पन्नावर तिथे राहू इच्छिणाऱ्यांसाठी इटलीचा वेगळा व्हिसा आहे, पण त्याला पेन्शन किंवा भाडं यांसारखं बऱ्यापैकी नियमित उत्पन्न दाखवावं लागतं आणि त्यावर नोकरी करता येत नाही. म्हणजे हा मजकूर ज्या बेरोजगार तरुणासाठी लिहिला आहे, नेमका तोच त्यात बसत नाही.

आयर्लंडचं थोडक्यात. जून २०२३मध्ये तिथल्या सरकारने पुलाने न जोडलेल्या बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण आणलं. रिकामी, पडकी घरं दुरुस्त करण्याचं अनुदान देशभर आधीपासून होतं. बेटांसाठी ते वाढवून पडक्या घराला ८४ हजार युरोपर्यंत नेलं. ते मिळतं मालकाला, झालेल्या कामाच्या खर्चापोटी. घर किमान दोन वर्षं रिकामं असलं पाहिजे. राहण्याच्या परवान्याशी त्याचा काही संबंध नाही. आयर्लंडमध्ये कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळवलेल्या मराठी कुटुंबाने चौकशी करायला हरकत नाही. हिंजवडीत बसून करण्यात अर्थ नाही.

राहिला पर्यटनाचा मुद्दा, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हा गैरसमज फक्त रीलवाल्यांचा नाही. आपल्याकडचे धोरणाचे कागदही ‘पर्यटन आलं की गाव तरलं’ असंच गृहीत धरतात. इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातलं सान्तो स्तेफानो दी सेस्सान्यो बघा. डोंगरातलं दगडी मध्ययुगीन गाव. दानिएले किल्ग्रेन नावाच्या उद्योजकाने तिथली पडकी घरं विकत घेऊन त्यांचं हॉटेल केलं: खोल्या गावभर विखुरलेल्या, स्वागतकक्ष एक. या विखुरलेल्या हॉटेलची कल्पना ईशान्य इटलीच्या फ्रिउली भागातल्या १९७६च्या भूकंपानंतर रुजली आणि आज जगभर तिचं कौतुक होतं. काम खरोखर देखणं आहे. गावाचं नाव झालं, पाहुणे आले. तरी २०२०मध्ये याच गावाला जाहीर करावं लागलं की चाळिशीच्या आतल्या माणसांनी इथे येऊन राहावं, तीन वर्षं दरवर्षी आठ हजार युरोपर्यंत देऊ. तेव्हा वस्ती होती सुमारे ११५, त्यातली निम्मी म्हातारी. पाहुणा दोन रात्री राहतो. तो शाळेत मूल घालत नाही.

रोमच्या उत्तरेला चीविता दी बान्योरेज्जो हे आणखी टोकाचं उदाहरण. ठिसूळ कड्यावरचं गाव, एका पादचारी पुलाने जोडलेलं. २०१३पासून पूल ओलांडायला तिकीट आहे. सुरुवातीला दीड युरो, आता पाच. एरवी असं तिकीट गर्दी हटवण्यासाठी लावतात, इथे उलटाच बोलबाला झाला आणि लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. ढासळत्या कड्याच्या देखभालीला पैसा मिळाला, खालच्या बान्योरेज्जो गावात दुकानं निघाली. वर कायमचे राहणारे? डझनभर. पर्यटनाने तिथे पैसा आणला हे नाकारण्याचं कारण नाही. रहिवासी आणले नाहीत, एवढंच.

उलट कधी पर्यटनच रहिवाशांना हुसकावतं. आल्प्समध्ये वर्षाचे दहा महिने कुलूप असलेली सुट्टीतली घरं इतकी वाढली की मार्च २०१२मध्ये स्विस मतदारांनी, अगदी निसटत्या बहुमताने का होईना, नियम केला: ज्या गावात अशी घरं २० टक्क्यांहून जास्त, तिथे नवी बांधायची नाहीत. आल्बिनेनची ‘कायमचं राहतं घर’ ही अट याच अनुभवातून आली असावी, असा माझा अंदाज.

मग गावं ओस का पडतात? इटलीने याचा शोध बऱ्यापैकी प्रामाणिकपणे घेतला. अर्थतज्ज्ञ आणि माजी मंत्री फाब्रित्सिओ बार्का यांच्या पुढाकाराने दहाएक वर्षांपूर्वी ‘आतल्या भागांचं’ राष्ट्रीय धोरण आखलं गेलं. त्याची मोजपट्टी मला फार आवडते. उत्पन्न नाही, लोकसंख्या नाही, मोजली मिनिटं. बारावीपर्यंतची सगळ्या शाखांची शाळा, आपत्कालीन विभाग असलेलं रुग्णालय आणि बऱ्यापैकी रेल्वे स्थानक ही तिन्ही जिथे आहेत, त्या केंद्रापासून गाव किती मिनिटांवर? तेव्हाच्या आखणीत चाळीसच्या पुढे दूरचं, पंचाहत्तरच्या पुढे अतिदूरचं. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर पंचाहत्तर मिनिटांचा घाट उतरायचा असेल, तर शंभर रुपयांचं घरही महागच. तरी याच धोरणाच्या २०२५च्या आराखड्यात लिहिलं गेलं की काही भागांची घसरण आता मागे फिरणारी नाही, त्यांना तिच्यात साथ द्यावी. त्यावर इटलीत गदारोळ झाला, बिशपांनीसुद्धा निषेधाचं पत्र काढलं.

आणि ज्या गावाने खरोखर बाहेरच्या माणसांनी रिकामी घरं भरली, ते या मजकुरात कधीच नसतं. दक्षिण इटलीच्या कालाब्रियातलं रियाचे. १९९८मध्ये कुर्द निर्वासितांची बोट तिथल्या किनाऱ्याला लागली. पुढे महापौर झालेल्या दोमेनिको लुकानो यांनी त्यांना गाव सोडून गेलेल्यांच्या बंद घरांत वसवलं, सरकारी निधीतून कार्यशाळा काढल्या, शाळेत पुन्हा पोरं आली. २०१८मध्ये लुकानोंना अटक झाली, निधी आटला, बरेच जण निघून गेले. खालच्या न्यायालयाने दिलेली तेरा वर्षांची शिक्षा अपिलात दीड वर्षावर आली, २०२४मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. त्या गावात कोणी घर विकत घ्यायला गेलं नव्हतं. तिथे आलेल्यांकडे पैसे नव्हते, पण राज्याने राहू दिलं तोवर ते राहिले.

आता कोणी हा मजकूर दाखवून ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, तर त्या गावाच्या पालिकेची मूळ जाहिरात मागा. ती पालिकेच्या संकेतस्थळावर फुकट असते, आणि अर्ज कोणी करायचा हे तिच्यातच लिहिलेलं असतं.