खुलासा : न मागितलेला जाहिरातीचा ईमेल अमेरिकेत बेकायदा नाही

‘अमेरिकेत परवानगीशिवाय जाहिरातीचा ईमेल पाठवणं हा गुन्हा आहे’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

तिथला २००३ चा कॅन-स्पॅम कायदा अशा ईमेलना मनाई करत नाही. खोटं नाव किंवा फसवा विषय नको, टपालाचा पत्ता हवा आणि ‘पुन्हा पाठवू नका’ सांगायची सोय हवी, अशा त्याच्या मुख्य अटी. ईमेलच्या तळाशी फिक्या, बारीक अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’ दिसतं ना, तीच ही सोय. तिथं क्लिक केल्यावरही पाठवणाऱ्याला थांबायला कामकाजाचे १० दिवस मिळतात. म्हणजे आगंतुकाला आधी आत घ्यायचं आणि मग हाकलत बसायचं! हे मला अजिबात पटत नाही.

दंड जबर आहे, एका ईमेलमागे ५० हजार डॉलरच्याही वर जाऊ शकतो. पण ज्याच्या इनबॉक्समध्ये कचरा साचतो, त्याला या कायद्याखाली स्वतः दावा लावता येत नाही. तो अधिकार सरकारी यंत्रणांना आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना. शिवाय कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी आधी संमती घेण्याची सक्ती करणारा कायदा केला होता; या केंद्रीय कायद्यामुळे ती सक्ती अमलात आलीच नाही.

युरोपीय संघात आणि २०१४ पासून कॅनडात मात्र, काही अपवाद वगळता, आधी संमती लागते.