ऑर्डर बुक फुगलं म्हणजे विमानं मिळाली, असं नाही

एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीबद्दलचा एक मजकूर बरेच दिवस सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की २०२४-२५ हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं सर्वांत यशस्वी वर्ष. ऑर्डर बुक (म्हणजे हातातल्या, अजून पुरवायच्या मागण्या) जवळपास दुप्पट, महसूल विक्रमी, वर मोठ्या सरकारी कंपन्यांना मिळणारा महारत्न दर्जा, म्हणजे कंपनीनं ठरवलेलं सगळं करून दाखवलं. तेजस या लढाऊ विमानाला उशीर झाला तो फक्त अमेरिकन इंजिनामुळे, आणि त्यावर बोलणारे स्वदेशीचे विरोधक.

माझं लहानपण नाशिकजवळच्या ओझरपाशी गेलं, तिथे एचएएलचा मिग विमानांचा कारखाना. आमच्याकडे त्या भागाला अजून ‘ओझर मिग’च म्हणतात. मामा त्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या तोंडी एक शब्द ठरलेला असायचा: ‘गेलं’. विमान हँगरबाहेर आलं, चाचणी उड्डाण झालं, तरी ते ‘गेलं’ नसायचं. वायुसेनेच्या माणसांनी तपासून कागदावर सही केली, की मगच ‘गेलं’. मी या मजकुराकडे त्याच हिशेबानं बघतो.

आधी ऑर्डर बुक. मार्च २०२४ अखेर ते सुमारे ९४,००० कोटींचं होतं, वर्षभरानं १,८०,००० कोटींच्या पुढे गेलं. आकडा खरा आहे. पण त्यातले ६२,७०० कोटी ‘प्रचंड’ नावाच्या १५६ लढाऊ हेलिकॉप्टरांचे आहेत आणि त्या करारांवर सह्या झाल्या २८ मार्च २०२५ रोजी, आर्थिक वर्ष संपायला तीन दिवस असताना. त्यांचा पुरवठा सुरू होणार तिसऱ्या वर्षी आणि पुढे पाच वर्षं चालणार. म्हणजे ही वाढ सरकारनं टाकलेल्या विश्वासाची आहे. त्या वर्षी कारखान्यानं काय केलं, हे तिच्यातून कळत नाही. उलट देणं राहिलं की ऑर्डर बुक जाडच राहतं.

महसूल दोन्ही वर्षी ३०,००० कोटींच्या आसपास, वाढ साधारण दोन टक्के. त्यातही देखभाल-दुरुस्ती आणि ओव्हरहॉलचा वाटा मोठा. ते काम महत्त्वाचंच आहे, पण त्यानं नवी स्क्वॉड्रन, म्हणजे वायुसेनेची लढाऊ विमानांची तुकडी, उभी राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेला महारत्न दर्जा उलाढाल, नफा आणि नक्त मूल्य बघून देतात. वेळेवर दिलेली विमानं त्यात मोजत नाहीत.

आता इंजिन. या मुद्द्यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क १ए चा (तेजसच्या सुधारित आवृत्तीचा) करार झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे त्यांच्यासाठी ९९ एफ-४०४ इंजिनांची मागणी नोंदवली. त्या कंपनीची या इंजिनाची बंद पडलेली उत्पादन लाइन पुन्हा उभी करण्यात वेळ गेला आणि पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. पण ‘फक्त’ हा शब्द मला मान्य नाही. त्याआधीच्या ४० तेजसचे करार २००६ आणि २०१० चे. त्या विमानांसाठी या ९९ इंजिनांची वाट बघायची नव्हती. तरीही जानेवारी २०२५ मध्ये वायुसेनाप्रमुख एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंग यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की पहिली ४० विमानंसुद्धा अजून पूर्ण हातात आलेली नाहीत. मार्क १ए चंही तसंच. मालिकेतलं पहिलं विमान बंगळूरला २८ मार्च २०२४ ला उडालं. पुरवठा त्याच महिन्यापासून अपेक्षित होता. ३१ मार्च २०२५ पर्यंत एकही ‘गेलं’ नाही. पुढे नवी इंजिनं येऊ लागली, तरी ऑक्टोबर २०२५ पर्यंत आकडा शून्यच होता, कारण शस्त्रं डागण्याच्या चाचण्या आणि वायुसेनेला हव्या असलेल्या क्षमतांची पूर्तता ही कामं बाकी होती. ती इंजिनावर ढकलता येत नाहीत.

राहिला स्वदेशीविरोधाचा आरोप. तो वाचून मला खरंच वाईट वाटलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, ते ओझरलाही बनलेलं विमान. त्यानंतर मंजूर ४२ स्क्वॉड्रनपैकी २९ उरल्या. ही पोकळी आपल्याच विमानांनी भरावी असं ज्याला मनापासून वाटतं, तो तारखा विचारणारच. हैदराबाद, कोइमतूरच्या खासगी कारखान्यांतून तेजसचे सांगाड्याचे भाग आणि पंख येऊ लागलेत. आपली माणसं हे करू शकतात याबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच सबबी ऐकवत नाहीत.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकला बनलेलं पहिलं मार्क १ए उडालं. मला भरून आलं. मामांना लगेच फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “गेलं का रे?”

आता आणखी ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा करार झालाय, पुरवठा २०२७-२८ पासून. त्यांच्या आधी रांगेत ८३ आहेत. ओझरच्या लाइनची क्षमता वर्षाला ८ विमानं, बंगळूरच्या दोन लाइनची मिळून १६. पुढचा वार्षिक अहवाल आला की ऑर्डर बुकच्या आधी मी त्यात हा २४ चा आकडा शोधणार आहे.